ठोसर वकिलांनी लिहिलेला नियम

दिग्रसच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना पैनगंगेपलीकडच्या संघाने दोन विरुद्ध एक गोलने जिंकला आणि चषक हरलेल्या संघाला देण्यात आला. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतरचा तो रविवार होता. निकाल माइकवरून जाहीर केला स्पर्धेचे सचिव ॲड. प्रभाकर ठोसर यांनी. ज्या नियमानुसार तो लागला तो नियमही त्यांनीच लिहिला होता. असा नियम जगात कुठेही असू नये, हे वर्षानुवर्षे सांगणारा दिग्रसमधला एकमेव माणूसही तेच होते.

मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकासाठी दिग्रसच्या बातम्या पाठवत असे. या सामन्याची बातमी चार ओळींची छापून आली. चषकाचा उल्लेख संपादनात गेला.

ठोसर दिवाणी वकील होते. वाटणी, वहिवाट, बांधाचे वाद. आवाज इतका हळू की न्यायाधीशांना पुढे झुकावं लागे, आणि ते झुकतात हे ठोसरांना माहीत होतं. कोणत्याही बोलण्याची सुरुवात ‘मुद्दा असा आहे’ अशी करून ते थांबत. समोरचा गप्प झाला की मग मुद्दा येई. कोर्टात आणि सभेत पुस्तकी मराठी बोलत. राग आला की वऱ्हाडीवर उतरत. त्यामुळे ते रागावलेत की नाही हे गावाला भाषेवरून कळे. कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. एखाद्या पोराने मैदानाच्या मधून चेंडू काढून थेट गोल केला तरी ‘बरा खेळला’ एवढंच म्हणत. बातमीत गोल करणाऱ्याचं नाव चुकलं की सकाळीच फोन येई. ‘बातमीदार, चेंडू कोणी मारला हे पाहायला डोळे लागतात, पास लागत नाही.’ माझ्याकडे प्रेस पास होता, त्यावर हा टोला.

पहाटे चारच्या सुमारास ते उठत. पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचे सामने पाहत. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. आवाज बंद. समालोचन कळत नाही म्हणून नव्हे. समालोचक उगाच ओरडतात म्हणून. युरोपातला फुटबॉल त्यांना आवडत नसे. ‘तो विकत घेतलेला खेळ आहे. पिकतो दक्षिणेत, विकतो युरोपात. आपल्या कापसासारखं.’ सामन्याची शेवटची मिनिटं ते उभं राहून पाहत. कुसुमताई, त्यांच्या पत्नी, पूजेचं ताम्हन घेऊन मागून जाताना म्हणत, “आमच्या घरी पहाटे दोन आरत्या होतात. एक माही, एक ब्राझीलची.”

त्यांचा जिव्हाळ्याचा विषय मात्र ब्राझील नव्हता, मेक्सिको होता. दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या मोठ्या स्पर्धेत मेक्सिकोचे क्लब काही वर्षं पाहुणे म्हणून खेळत. मेक्सिको उत्तर अमेरिकेत, संघटना वेगळी. त्यामुळे बोलावणं होतं, हक्क नव्हता. मेक्सिकोचा क्लब अंतिम फेरीत पोहोचला तरी त्या फेरीच्या दोन सामन्यांपैकी दुसरा, निर्णायक सामना प्रतिस्पर्ध्याच्याच मैदानावर होई. पाहुण्याने स्पर्धा जिंकली असती, तरी जागतिक स्पर्धेत दक्षिण अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून तो गेला नसता. मेक्सिकोचे क्लब तीनदा अंतिम फेरीत गेले आणि तीनदा हरले. पुढे वेळापत्रक जुळेना म्हणून ते यायचेच थांबले.

दिग्रसच्या न्यायालयातली वकिलांची खोली हे सगळं ऐकून होती. ज्यांनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नाही तेही मेक्सिकोची बाजू सांगू शकत. उत्तर अमेरिकेच्या क्लबांना, आता तर थेट अमेरिकेच्या क्लबांनाही, दक्षिणेच्या स्पर्धेत घ्यावं अशी चर्चा मधूनमधून उठे. ती उठली की त्या दिवशी खोलीत दुसरं काही होत नसे.

सुधीर गावंडे हा ठोसरांचा ज्युनिअर. वाद घालायचं धाडस त्यालाच होतं. “काका, अमेरिकेवाल्यायपाशी पैसा हाये. दक्षिणेतले पोट्टे ते तसेही उचलून नेऊन राह्यले. आता कप बी त्याइच्याच घरी पोचवून द्याचा का?”

“मुद्दा असा आहे,” ठोसर म्हणाले आणि थांबले. “पैसा आहे म्हणून बोलावू नका. पैसा आहे म्हणून अडवूही नका. खेळायला बोलावता ना? मग जिंकायचा हक्क बोलावण्यातच आला. तो काढून घेतला तर उरतं काय?”

“पाहुणचार,” गावंडे म्हणाला. खोली हसली. ठोसर हसले नाहीत.

“आणि चूक मेक्सिकोवाल्यांचीही आहे,” ते म्हणाले. “त्यांना वाटलं, आधी आत जाऊ, नियम मग बदलून घेऊ. आत गेल्यावर नियम बदलतो असं ज्याला वाटतं, तो कधी आत गेलेलाच नसतो.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किमान दोनदा ऐकलं आहे.

या विषयाचं मूळ त्यांनी कधी सांगितलं नाही. कुसुमताईंनी सांगितलं. ठोसर नागपूरला कायद्याचं शिकत असताना तिथल्या एका संघाला बचावात एक माणूस कमी पडला म्हणून त्या हंगामात ते खेळले. संघ जिंकला. फोटोच्या वेळी व्यवस्थापक म्हणाला, तुम्ही पाहुणे, जरा बाजूला व्हा, हा आमच्या क्लबचा फोटो आहे. “त्याइनं बाजूला होऊन सगळ्यायच्या चपला सांभाळल्या,” कुसुमताई म्हणाल्या. “अजून बी लग्नात सोफ्यावर बसत नाहीत. टोपी-दुपट्टा द्यायला कोणी आलं का पंगतीत जाऊन बसतात. म्हणतात, मले मान नको, ताट द्या.”

दिग्रसची स्पर्धा ठोसरांनी उभी केली असं म्हटलं जातं, ते बरोबर आहे. मैदानाची परवानगी, पंचांचं मानधन, जाळी, चुना, सगळं तेच पाहत. अध्यक्ष भाऊसाहेब इंगोले. पंचवीस एकर कापूस-तूर, सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्यात भागीदारी, गावात शब्दाला वजन. भाऊसाहेबांना खेळ कळत नसे आणि ते तसं स्पष्ट सांगत. त्यांना मांडव कळत असे. मंच, हार, माइक, जेवण यात ते अध्यक्ष असताना कधी कमी पडलं नाही.

संघ मात्र कमी पडू लागले. पोरं पुण्याला गेली, उरलेली क्रिकेटला गेली. एका वर्षी दारव्ह्याचा संघ आला नाही, पुढच्या वर्षी बाभुळगावचा. पाच संघांवर स्पर्धा आली तेव्हा ठोसर म्हणाले, आता बाहेरचे आणावे लागतील.

बाहेरचे त्यांना एका लग्नात सापडले. कोर्टातल्या कारकुनाच्या मुलाचं लग्न पैनगंगेपलीकडे, आदिलाबादकडच्या एका गावात होतं. जीपमध्ये मी होतो, गावंडे होता. मांडवामागच्या माळावर पोरं खेळत होती. बहुतेक गोंड, आश्रमशाळेत शिकलेली, काही अनवाणी. ठोसर नव्या धोतरजोडीचा आहेर हात जोडून नाकारून तिकडे गेले आणि लग्न लागून पंगती उठेपर्यंत तिथेच उभे राहिले. परत आले ते कप्तानाला घेऊन. सोनेराव मडावी. तिशी ओलांडलेला, स्वतःचा मालवाहू टेम्पो चालवणारा. संघ त्याच टेम्पोतून फिरे.

“येत नाई आमी,” सोनेराव सरळ म्हणाले. “एकदा गेलतो एका शहरात. हार घातले, फोटो काढला, जेऊ घातलं. मंग त्याइच्याच रेफरीनं आमचे दोन गोल खाल्ले. आमाले माहीत हाये साहेब, पाहुणा कायले बलावते ते. गर्दी जमाले.”

ठोसर म्हणाले, “मी पाहुणा म्हणून बोलावत नाही. आमच्या संघाला जो नियम, तोच तुमच्या संघाला. जिंकलात तर चषक तुमच्या टेम्पोत. हा माझा शब्द.”

सोनेरावांनी त्यांच्याकडे, मग आमच्याकडे पाहिलं. “तुमी वकील ना?”

“हो.”

“मंग लिवून नको. शब्दच राहू द्या.”

शब्द असा दिला गेला. साक्षीला दोघे होते.

समितीची बैठक भाऊसाहेबांच्या जिनिंगच्या ऑफिसात झाली. बाहेरचा संघ आणायला कोणाची हरकत नव्हती. हरकत चषकाला होती. चषक फिरता, चांदीच्या मुलाम्याचा, भाऊसाहेबांच्या वडिलांच्या नावाचा.

“वकीलसाहेब,” भाऊसाहेब म्हणाले, “लगन आमच्या घरचं अन् बाशिंग पाहुण्याले? माह्या बापाच्या नावाचा कप दुसऱ्या राज्यात जाईन? लोक तोंडात शेन घालतीन.”

ठोसरांनी आपली बाजू मांडली. ती मांडताना नेहमीप्रमाणे मेक्सिको आलं. पाहुण्यांना तिथे कसं वागवलं, निर्णायक सामना घरी खेळू दिला नाही, जिंकूनही पुढे जायची वाट बंद, आणि हे किती चूक. भाऊसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. इतकं लक्ष देऊन त्यांनी ते कधीच ऐकलं नव्हतं.

“म्हंजे तिकडं हाच नियम होता?”

“होता. पण तो चुकीचा—”

“चुकीचा असन. होता ना?” भाऊसाहेब इतरांकडे वळले. “एवढ्या मोठ्या देशायनं ठेवला. तिकडं चालते तं दिग्रसात काहून नाई चालनार? तुमीच लिवा साहेब. तुमच्याइतका त्यातला जानकार हाये कोन?”

सगळे हसले. तसं त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. ठोसरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “नाही लिहिला तर?”

“तं मंग पाच टीमा. आनखीन दोन वर्सं चालन, मंग बंद.”

ठोसरांनी खिशातून पेन काढलं. नियम असा: निमंत्रित संघ विजयी झाल्यास त्याचा यथोचित सन्मान करण्यात येईल, फिरता चषक मात्र उपविजेत्या स्थानिक संघाकडे राहील. भाषा नेमकी होती. ठोसरांच्या मसुद्यात पळवाट नसे.

बाहेर पडताना गावंडेने विचारलं, “काका, हे काय केलं?”

“आधी दारात तर येऊ दे त्यांना,” ठोसर म्हणाले. “एकदा आले की नियम बदलता येईल.”

गावंडे सोबत चालत राहिला. जीपच्या थांब्यापर्यंत आल्यावर म्हणाला, “सोनेरावले सांगनार ना?”

“सांगीन. आणि पहिल्याच वर्षी काही ते जिंकत नाहीत.”

दिग्रसकरांनी त्या संघाचं स्वागत केलं, त्याला खोट ठेवता येणार नाही. वेशीवर हार. उतरायला धर्मशाळा, गाद्या धुतलेल्या. सकाळी तर्री-पोहे, दुपारी वरण-भात-भाजी, रात्री वडा-भाताचं जेवण. भाऊसाहेब स्वतः पंगतीत फिरून वाढत. “घ्या पाहुणे, लाजू नका. आमच्या दिग्रसात आलेला मानूस उपाशी खेळत नाई.” पोरांना हे आवडलं. सोनेरावांनी ठोसरांना दोनदा म्हटलं, “लोक चांगले हाये इथले, साहेब.”

पहिला सामना ते जिंकले. उपांत्य सामना चार गोलने जिंकले. त्या संध्याकाळी ठोसर धर्मशाळेत गेले. सोबत मी होतो. मला कप्तानाचे दोन शब्द बातमीसाठी हवे होते. ठोसर ओट्यावर बसले. पाणी येतं का, विचारलं. डास चावतात का, विचारलं. एकाचा घोटा सुजला होता, तो हातात घेऊन पाहिला. सोनेराव म्हणाले, “काई बोलाचं होतं का साहेब?”

“नाही,” ठोसर म्हणाले. “उद्या डाव्या बाजूने खेळा. त्यांचा तिकडचा बचाव कच्चा आहे.”

अंतिम सामन्यात दोन्ही गोल डाव्या बाजूने झाले.

मंचावर भाऊसाहेब, एक माजी सभापती, दोन व्यापारी. ठोसरांच्या हातात माइक. पाहुण्या संघाला आधी बोलावलं. एकेकाला टोपी, दुपट्टा, नारळ. टाळ्या खऱ्या होत्या. गावाला त्यांचा खेळ आवडला होता. सोनेराव शेवटी आले, टोपी घालून घेतली आणि चषक ठेवलेल्या टेबलापाशी उभे राहिले. ठोसरांनी दिग्रसच्या संघाचं नाव पुकारलं. त्यांचा कप्तान बिचकत वर आला. भाऊसाहेबांनी चषक उचलून त्याच्या हातात दिला.

माइक चालूच होता, म्हणून पुढचं सगळ्या मैदानाने ऐकलं.

“साहेब, जितलं कोन?”

“तुम्ही.”

“मंग?”

“नियम आहे, सोनेराव. निमंत्रित संघाला चषक नेता येत नाही.”

“हा नियम कोनाचा?”

ठोसरांच्या आधी भाऊसाहेब बोलले, अगदी मोकळेपणाने. “साहेबायनंच लिवला. नियम कायद्यात एकदम पक्का हाये. घ्या, नारळ घ्या. जेवन तयार हाये, गोड केलं आज.”

मैदानात कोणीतरी शिटी मारली. दिग्रसच्या कप्तानाने चषक टेबलावर परत ठेवला. त्याच्या संघातल्या दुसऱ्याने तो उचलला. सोनेराव मंचावरून उतरले.

भांडण झालं नाही. पाहुणा संघ जेवायला बसला, कारण पानं मांडली होती आणि मांडलेल्या पानावरून उठून जायचं नसतं. बुंदी दोनदा वाढली. ठोसर पंगतीच्या टोकाला उभे होते. हात धुऊन सोनेराव त्यांच्यापाशी आले आणि म्हणाले, “जेवन चांगलं होतं.” मग टेम्पो सुरू केला. पोरं मागे बसली. टोप्या घातलेल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी ठोसर कोर्टात आले, एक तारीख चालवली आणि वकिलांच्या खोलीत न बसता घरी गेले. गावात या प्रकरणाची फार चर्चा झाली असं नाही. झाली ती अशी की, वकिलाने पाहुण्यांना आधी सांगायला हवं होतं. नियमाविषयी कोणी बोललं नाही.

पुढच्या बैठकीत ठोसरांनी तो नियम रद्द करण्याचा ठराव मांडला. ठरावाला अनुमोदन लागतं. भाऊसाहेबांनी विचारलं, “हाये कोनाचं?” गावंडे तोवर समितीवर आला होता. तो समोरच्या चहाच्या कपाकडे पाहत होता. अनुमोदन मिळालं नाही. ठोसरांनी त्याच बैठकीत राजीनामा दिला. तो आभारासह मंजूर झाला आणि स्पर्धेसाठी घेतलेल्या कष्टांबद्दल त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला. त्यांनी तो घेतला. घरी येताना शाल जीपमध्ये राहिली, असं त्यांनी कुसुमताईंना सांगितलं.

पुढच्या वर्षीही सोनेरावांना समितीकडून निमंत्रण गेलं. उत्तर आलं नाही. त्यानंतर स्पर्धा एकदा झाली. पुढे झालेली नाही.

पहाटेचे सामने ठोसर पाहत राहिले. मेक्सिकोवर बोलणं त्यांनी बंद केलं. खोलीत कोणी विषय काढला तर ते चष्मा पुसत बसत. एकदा मात्र गावंडेने थेट विचारलं. अमेरिकेच्या क्लबांना दक्षिणेत बोलावण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली होती. “आता काय म्हन्ता काका? जावं का त्याइनं?”

ठोसरांनी ‘मुद्दा असा आहे’ म्हटलं नाही. “जावं,” ते म्हणाले. “बोलावणाऱ्यानं आधी नियम वाचून दाखवावा. तो वाचून दाखवायची ज्याची हिंमत नसन, त्यानं बलावू नये.”

शेवटचे शब्द वऱ्हाडीत होते. मग पुकारा झाला आणि ते उठून गेले.

गेल्या हिवाळ्यात ॲड. ठोसर हृदयविकाराने वारले. अंत्ययात्रेला न्यायालयातले सगळे होते, भाऊसाहेबही होते. मी आता यवतमाळला डेस्कवर असतो. निधनाची बातमी मीच लावली. त्यानंतर सोनेरावांना कळवावं म्हणून फोन केला. त्यांना कळलेलं नव्हतं. ते म्हणाले, “आलते ते इकडं. पोयाच्या नंतर.”

पोळ्यानंतरची ही फेरी कुसुमताईंनाही माहीत नव्हती. पांढरकवड्याला एका साक्षीसाठी जातो, असं सांगून ते त्या दिवशी घराबाहेर पडले होते. मी तपशील विचारला. ठोसर एकटेच, बसने आले. गावच्या माळावर शेजारच्या गावाशी सामना होता. खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. पोरांबरोबर कडेला उभे राहिले.

“कपाचं काही बोलले?”

“बोलले. नियम लिवाच्या आधीच शब्द दिला होता, म्हने. तुमाले सांगाले धर्मशाळेत आलतो, म्हने. मी म्हटलं, मालूम हाये साहेब.”

“मग?”

“मंग मॅच सुरू झाली.”

पोरांनी ओळखलं का, असं मी विचारलं. संघातली बहुतेक पोरं नवी होती. “दोघायनं विचारलं, कोन हाये म्हून. मी म्हटलं, पाहुणे हाये.”

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. दोन्ही गोल उत्तरार्धात झाले. ठोसर मध्यंतरातच निघाले होते. त्या गावाहून पांढरकवड्याकडे येणारी शेवटची बस पाच वाजता सुटते.